उघडी प्रत

"सर, शनिवारची उघडी प्रत तुमच्याकडं असेल ना?"

कस्तुरी मगदूम माझ्या टेबलासमोर उभी राहून विचारत होती. बुधवार, सकाळचे साडेअकरा. दहाच्या सुमाराला आमच्या विश्रामबागेतल्या ऑफिसचे दिवे एकदम गेले, तितक्याच एकदम आले, आणि येताना तिच्या कॉम्प्युटरचा घास घेऊन आले. जळक्या वायरीचा वास अजून खोलीत होता. समोरच्या दुकानातला दुरुस्तीवाला येऊन, डबा खोलून, आतल्या हार्ड डिस्कला कान लावून, "ही गेली ओ," असं सांगून आणि वर चहा पिऊन निघून गेला होता. तिचं तीन महिन्यांचं काम त्या डिस्कवर होतं.

"उघडी नाही ठेवली मी," मी म्हणालो. "बांधलेली आहे फक्त."

"म्हणजे?"

"मुशीतून काढून झाली की उघडी पुसून टाकतो. पाटणकर सरांनीच सांगितलंय ना, उघडा कोड ऑफिसात लोळत पडायला नको म्हणून."

"पण तुम्ही दर शनिवारी दोन सीड्या करता ना सर?"

"दोन्ही बांधलेल्याच. एक गेली तर दुसरी असावी म्हणून."

हे धादांत खोटं होतं. उघड्या प्रतीची सीडी माझ्या पाठीमागच्या लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात होती. तिच्यावर माझ्याच अक्षरात काळ्या मार्करनं तारीख घातलेली होती. कपाटाची चावी माझ्या ड्रॉवरमध्ये असायची आणि ते सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. तरी बोलताना माझी जीभ जराही अडखळली नाही. ती "बरं सर" म्हणाली आणि वळली. ती वळल्याबरोबर मी चावी ड्रॉवरमधून काढून पँटच्या खिशात टाकली.

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पाटणकर सरांची आमची छोटी कंपनी शाळांसाठी सॉफ्टवेअर करायची. सरांना धरून आम्ही सात माणसं. आमचे प्रोग्रॅम स्क्रिप्टमध्ये लिहिलेले असायचे, म्हणजे शेवटी साधा मजकूरच. सीडी विकत घेणाऱ्यानं फाईल नोटपॅडमध्ये उघडली की आमची सगळी अक्कल त्याच्यापुढं मांडलेली. एकदा झालंही तसंच. आमचा हजेरीपटाचा प्रोग्रॅम कुणा बहाद्दरानं नाव बदलून आमच्याच गिऱ्हाइकाला विकला, आमच्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट. सर आठवडाभर जेवले नाहीत. मग मी मूस लिहिली.

माझे वडील हुपरीला चांदीचं काम करायचे. पैंजण कितीही नक्षीचे असोत, मुशीत टाकून आच दिली की त्यांचा गोळा व्हायचा. माझा प्रोग्रॅम तेच करायचा. लिहिणाऱ्यानं स्क्रिप्टमध्ये मध्येमध्ये टिपा लिहिलेल्या असतात, हे काय आहे, असं का केलं आहे, अशा. टिपेआधी दोन तिरक्या रेघा मारायच्या, म्हणजे यंत्र ती वाचत नाही, माणसानं वाचायची. मूस आधी सगळ्या टिपा पुसायची. मग मोकळ्या जागा दाबून सगळ्या ओळींची एकच लांबलचक ओळ करायची. मग नावं. शिक्षक, वर्ग, तास अशी जी समजण्यासारखी नावं असतील ती काढून तिथं ए, बी, सी-सात, के-दोन असं काहीतरी घालायची. यंत्राला नावाशी कर्तव्य नसतं, त्यामुळे प्रोग्रॅम पहिल्यासारखाच चालायचा. फाईल निम्म्यावर यायची, आणि चोरानं उघडली तर त्याला नुसती लापशी दिसायची. "लिहिणाऱ्यालासुद्धा आपलं ओळखता येणार नाही," असं मी अभिमानानं सांगायचो. त्याहून जास्त वेळा सांगायचो ते हे: "माझ्या मुशीनं आजवर एक फाईल तोडली नाही."

नियम असा होता की दर शनिवारी चार वाजता सगळ्यांनी आपापलं काम माझ्याकडं आणून द्यायचं. पुढचं मी एकटाच बघायचो: उघड्याची एक सीडी करून कपाटात ठेवायचो आणि मुशीतून काढलेल्याची, म्हणजे बांधलेल्याची, दुसरी बाहेर पाठवायचो. मूस जानेवारीत पुरी झाली आणि फेब्रुवारीत कस्तुरी आली.

जयसिंगपूरची पोरगी. वय तेवीस. सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेली, रोज एसटीनं यायची-जायची. सरांनी तिला शाळेच्या वेळापत्रकाचं काम दिलं. ज्यानं कधी वेळापत्रक केलं नाही त्याला ते सोपं वाटतं. चित्रकलेचे सर मंगळवारी आणि शुक्रवारीच येणार. जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच कवायत नको, पोरं ओकतात. प्रयोगशाळा एकच, वर्ग सहा. मुख्याध्यापकांच्या मेहुणीला शेवटचा तास नको. मी या कामावर दोन वर्षं डोकं आपटलं होतं. माझा प्रोग्रॅम पस्तीस शिक्षकांपर्यंत नीट जायचा आणि छत्तिसाव्याला रस्त्यातल्या म्हशीसारखा बसकण मारायचा, तो काही केल्या उठायचा नाही. कस्तुरीनं तीन महिन्यांत बेचाळीस शिक्षक आणि सव्वीस वर्गांचं वेळापत्रक चार मिनिटांत काढून दाखवलं. सर हातात घड्याळ धरून उभे होते. त्यांनी लगेच पेढे मागवले, आणि पेढा माझ्या हातावर ठेवताना खांद्यावर थाप मारून म्हणाले, "हुपरीकर, आता ही लिहील आणि तुम्ही बांधून द्या."

त्यावर कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मला मात्र आपण वाण्याच्या दुकानात पुड्या बांधणारा गडी आहोत असं वाटलं, आणि तो पेढा मी घरी येईपर्यंत रुमालात तसाच ठेवला.

याला मत्सर म्हणतात. तेव्हा मी त्याला शिस्त म्हणायचो. ती पाच मिनिटं उशिरा आली की घड्याळाकडं बघायचो. तिनं आणलेलं भडंग सगळे मिटक्या मारत खायचे, तेव्हा मी "मला तिखट चालत नाही" म्हणायचो, आणि आमच्या घरी तर मिरचीशिवाय घास उतरत नाही. तिचा कोड मी कधीच वाचला नाही. फाईल आली की सरळ मुशीत. "दुसऱ्याचं ताट हुंगायची मला सवय नाही," असं वर ऐकवायचो. खरी गोष्ट अशी की वाचलं असतं तर ते किती चांगलं आहे हे मला कळलं असतं, आणि ते मला कळून घ्यायचं नव्हतं.

एकदा मात्र बांधलेल्या लापशीत एक तुकडा माझ्या डोळ्यात भरला. आपल्याकडं कुठलाही कागद श्रीशिवाय सुरू होत नाही. शाळेचं वेळापत्रकही नाही. वरती मधोमध श्री, आणि दोन्ही बाजूंना दोन दोन रेघा. कॉम्प्युटरवर त्या उभ्या मारणं जिकिरीचं, म्हणून सगळे तिरक्याच मारतात. कस्तुरीनं त्या दोन रेघा सलग न मारता एक एक सुटी लिहिली होती आणि मध्ये अधिकचं चिन्ह घालून जोडली होती.

"काय गं," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "दोन रेघा एकापुढं एक मारायला हात दुखतात काय तुझे?"

ती लाल झाली. "सवय आहे सर."

"वाईट सवय आहे. उगाच लांबण."

"हो सर."

तो सबंध दिवस मला हलकं हलकं वाटत होतं. संध्याकाळी बायकोलाही सांगितलं, की ती मोठी हुशार म्हणतात ना, तिला साध्या दोन रेघा मारता येत नाहीत.

अशात मे महिन्यात एक मोठी शिक्षण संस्था चालून आली. साठावर शाळा. त्यांना वेळापत्रकाचा प्रोग्रॅम हवा होता, फक्त एक बदल करून. त्यांच्या बऱ्याच शाळा दोन सत्रांत भरायच्या, सकाळ आणि दुपार, आणि तेच शिक्षक दोन्हीकडं. कस्तुरीनं तो बदल करायचा आणि शनिवारी अकरा वाजता संस्थेच्या कचेरीत दाखवायचा, असं ठरलं. सरांनी सोमवारी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "हे पास झालं की वेळापत्रकाचं खातं वेगळं. कस्तुरी कायम आणि खातं तिच्याकडं. प्रोग्रॅम सुरू होताना पडद्यावर नावही तिचं येईल."

माझं नाव आजवर कुठल्याच पडद्यावर आलं नव्हतं. आणि बुधवारी तिची डिस्क जळली.

माझं उत्तर ऐकून ती सरांच्या खोलीत गेली. पाच मिनिटांत सरांनी मलाही बोलावलं.

"हुपरीकर, उघडी प्रत नाही म्हणता?"

"तुम्हीच म्हणाला होता सर..."

"म्हणालो होतो खरा." त्यांनी कपाळ चोळलं. "आता काय करायचं?"

"बांधलेली आहे ना," कस्तुरी म्हणाली. "त्यातनंच वाचून काढते आणि त्यातच बदल करते."

"ते वाचता येतं?" सरांनी मला विचारलं.

"नाही," मी म्हणालो. त्या एका शब्दात माझा केवढा अभिमान होता!

"बघते," ती म्हणाली.

तिनं दुसऱ्या कॉम्प्युटरवरून त्या एका ओळीची एकतीस पानं छापून घेतली आणि भिंतीवर चिकटवली. हातात तांबडी पेन्सिल घेऊन ती एक एक अक्षर बघत उभी राहायची. कुणाच्या तरी जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर यादी करायची. ए म्हणजे शिक्षक, खात्रीनं. सी-सात म्हणजे वर्ग असावा. के-दोनपुढं तीन प्रश्नचिन्हं.

"विचित्र वाटतं बघा सर," गुरुवारी ती मला म्हणाली. "आपल्याच घरात अंधारात फिरल्यागत. भिंत आपलीच, पण डोकं आपटतंय."

मूस नावं बदलते तेव्हा जुनं नाव आणि नवं नाव अशी एक यादी आपोआप तयार होते. ती यादीही त्याच सीडीवर होती. ती एवढी दिली असती तर तिचं सगळं काम दुपारच्या चहापर्यंत उरकलं असतं. मी मान डोलावली आणि माझं काम करत बसलो. पण ते काम होत नव्हतं. सारखी मान तिच्या भिंतीकडं वळायची. पहिल्या दिवशी त्यात सुख होतं. गुरुवारी दुपारी तिनं अकराव्या पानावर तांबडी खूण केली आणि टाळी वाजवली, तेव्हा ते सुख गेलं. संध्याकाळी सगळे उठून गेल्यावर मी कपाट उघडून ती सीडी पिशवीत घातली आणि घरी नेली. कपाटात असती तर कुणी किल्लीवाला आणून उघडलं असतं, अशी मला आता भीती वाटायला लागली होती.

शुक्रवारी सकाळी ती सीडी पुन्हा पिशवीतून ऑफिसात आणली. का आणली, विचाराल तर सांगतो. रात्रभर झोप आली नव्हती. चारच्या सुमाराला "अगं, ही बघ, जुन्या डब्यात सापडली" म्हणून द्यायची, असं मी ठरवलं होतं. पिशवी टेबलाखाली माझ्या पायाशी ठेवली.

दुपारी ती भडंगाचा डबा घेऊन आली. डोळे सुजलेले होते.

"सर, एक विचारू?"

"विचार."

"तुमची मूस टिपा पुसताना..." ती मध्येच थांबली.

"काय टिपा पुसताना?" माझा आवाज लगेच चढला. "माझ्या मुशीनं आजवर एक फाईल तोडली नाही."

"नाही नाही, तेच म्हणते. काही नाही." तिनं डबा पुढं केला. "घ्या ना. आज आईनं तिखट कमी घातलंय. तुमच्यासाठी मुद्दाम सांगितलं होतं."

मी मूठभर घेतलं. ती आणखी थोडा वेळ तशीच उभी राहिली. माझ्या मागच्या कपाटाकडं एकदा बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं ती काहीतरी म्हणणार. पण डबा घेऊन ती पुढच्या टेबलाकडं गेली. मी घड्याळात बघितलं, पावणेचार झाले होते. मी वाकून पिशवीची चेन उघडली.

तेवढ्यात पाटणकर सर खोलीतून बाहेर आले. भिंतीवरची पानं, त्यांवरच्या तांबड्या खुणा, खालच्या पत्रिका हे सगळं त्यांनी कमरेवर हात ठेवून पाहिलं आणि सगळ्यांना म्हणाले, "बघा रे. याला म्हणतात बुद्धी. हुपरीकरांनी वितळवलेलं ही पोरगी परत घडवतीय!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि पायानं पिशवी टेबलाखाली आणखी आत सरकवली.

शनिवारी संस्थेच्या कचेरीत आम्ही तिघं गेलो. सर, कस्तुरी आणि मी. मला न्यायचं काही कारण नव्हतं, पण मी म्हटलं येतो. संस्थेचे सचिव म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, खादीचा सदरा, चष्मा दोरीला बांधलेला. कस्तुरीनं त्यांच्याच एका शाळेची माहिती भरली आणि बटण दाबलं. चार मिनिटं सगळे पडद्याकडं बघत राहिले. पडद्यावर श्री उमटला, खाली दोन्ही सत्रांचं वेळापत्रक आलं. सरांनी सुस्कारा सोडला.

सचिव खुर्ची ओढून पुढं सरकले आणि पडद्यावरून बोट फिरवत वाचायला लागले. चाळीस वर्षं वेळापत्रकं वाचलेला माणूस, त्याचं बोट कुठं थांबायचं ते बरोबर थांबलं.

"या घाटगे बाई सव्वाबारा वाजता सकाळच्या सत्रात सातवी ब ला विज्ञान शिकवतात."

"हो सर," कस्तुरी म्हणाली.

"आणि सव्वाबारालाच दुपारच्या सत्रात पाचवी अ ला." त्यांनी चष्मा काढला. "बाई हुशार आहेत आमच्या. पण एवढ्या नाहीत."

कचेरीतले कारकून हसले. दोन सत्रं एकमेकांवर चढतात त्या अर्ध्या तासाची तपासणी कुठंतरी निसटली होती. कस्तुरीला ते तत्क्षणी कळलं, मला तिच्या चेहऱ्यावरून दिसलं.

"कळलं सर मला. एकच जागा आहे. दहा मिनिटं द्या."

तिनं फाईल उघडली आणि पडद्यावर माझी लापशी आली. हजारो अक्षरांची एक ओळ. तिचं बोट त्या ओळीवरून पुढं जात होतं, मागं येत होतं, ओठ हलत होते. भिंतीवरची पानं ऑफिसात राहिली होती. दहाची वीस मिनिटं झाली, वीसची चाळीस. तिच्या मानेवरून घामाची धार उतरलेली मला दिसत होती. मी हाताची घडी घालून उभा होतो. सचिवांनी अखेर घड्याळ पाहिलं आणि मायेनंच म्हणाले, "राहू द्या बाळ. जूनला यंदा हातानंच करू. पुढच्या वर्षी बघता येईल."

परतीच्या गाडीत मी आणि कस्तुरी मागं बसलो होतो. मिरजेचा पूल ओलांडल्यावर सर पुढच्या सीटवरून मागं न बघता म्हणाले, "आपण लिहिलेलं आपल्यालाच वाचता येईना, तर काय उपयोग?"

कस्तुरी खिडकीबाहेर बघत राहिली. मी खिशातली चावी चाचपत होतो.

जुलैअखेर तिचे सहा महिने संपले. सरांनी मुदत वाढवली नाही. जायच्या दिवशी ती प्रत्येकाच्या टेबलापाशी जाऊन आली. माझ्यापाशी येऊन "येते सर" म्हणाली आणि भडंगाचं एक पुडकं ठेवून गेली. वेळापत्रकाचं खातं निघालंच नाही.

ऑगस्टमध्ये एक नवा प्रोग्रॅमर आला, आरवाडे नावाचा. त्याचा निकालपत्रकाचा प्रोग्रॅम मी मुशीतून काढला आणि तो उघडेचना. पांढरा पडदा. मी त्याच्यावर खेकसलो, "नीट लिहायला शिका आधी." महिन्याभरात दुसऱ्याची फाईल तुटली, मग तिसऱ्याची. सरांनी मला काही न विचारता पुण्याहून एक तयार साधन विकत आणलं आणि मूस बंद झाली. इथं कुणाला किंमत नाही, असं मी मनाशी म्हटलं आणि ती पुन्हा कधी उघडून बघितली नाही. बघायला भीत होतो, हेही खरं.

मी निवृत्त होऊन आता सहा वर्षं झाली. गेल्या दिवाळीआधी बायको गच्चीवर कबुतरांना हाकलायला जुन्या सीड्या दोरीला बांधत होती. चकाकतात म्हणून ती येत नाहीत म्हणे. माळ्यावरचं खोकं उपसताना तिनं हाक मारली, "अहो, हिच्यावर तुमच्या अक्षरात तारीख आहे. ही टांगू, की हवीय?"

ती माझ्या हातातून मी जवळजवळ हिसकावूनच घेतली. आता सीडी चालवायचं यंत्र कुणाकडं असतं? शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडं होतं. घरी आणून लावलं आणि कस्तुरीचा कोड आयुष्यात पहिल्यांदा वाचला.

टिपा मराठीत होत्या, इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या. शेजारणीला पदार्थ सांगावा तशा. इथे चित्रकलेच्या सरांना आधी बसवून घ्यायचं, म्हणजे बाकीचे आपोआप बसतात. इथे घाई करायची नाही. माझा प्रोग्रॅम छत्तिसाव्या शिक्षकाला का बसकण मारायचा, ते मला दहाव्या मिनिटाला कळलं. मी वाचत वाचत खाली आलो आणि श्रीपाशी पोचलो. तिथं ही टीप होती:

"हुपरीकर सरांची मूस दोन तिरक्या रेघा दिसल्या की टीप समजून पुढचं सगळं पुसते. श्रीच्या रेघासुद्धा. मग फाईल तुटते. म्हणून इथे रेघा सुट्या लिहून जोडल्या आहेत. सरांना सांगायचं नाही, त्यांचा मुशीवर फार जीव आहे. बाकीच्यांच्या फाईली शनिवारी चारच्या आधी मी बघून देते."

मी ती टीप तीनदा वाचली. बायको चहा ठेवून गेली, तो तसाच निवला. फेब्रुवारी ते जुलै या सहा महिन्यांत मी जे वाक्य दिवसातून एकदा म्हणत होतो, ते खरं राहावं म्हणून ही पोरगी दर शनिवारी सगळ्यांच्या टेबलांवरून फिरत होती. आणि ते सांगायला तिला एकच जागा सापडली होती, जी मी न वाचता पुसत होतो.

दुसऱ्या दिवशी पाटणकर सरांच्या घरून नंबर मिळवला आणि फोन लावला.

"कोण? हुपरीकर सर!" तिचा आवाज तसाच होता. "किती वर्षांनी! बरे आहात ना?"

"बरा आहे. तू काय करतेस हल्ली?"

"जयसिंगपूरलाच आहे. शाळेत गणित शिकवते. आणि हसाल तुम्ही, शाळेचं वेळापत्रक माझ्याच गळ्यात आहे. दर जूनला. हातानंच करते, कागदावर."

"कस्तुरी, तुझी ती सीडी... शनिवारची. सापडली काल."

"सापडली?"

"हो."

"कपाटातच होती ना सर."

मी हातातली सीडी टेबलावर पालथी ठेवली.

"तुमची चावी कायम ड्रॉवरमध्ये असायची," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. "त्या बुधवारपासून ती खिशात गेली. तेव्हाच कळलं मला."

"मग बोलली का नाहीस? सरांना सांगायचंस."

"सांगायचं काय त्यात. तुम्ही द्याल असं वाटत होतं. शुक्रवारी तुम्ही पिशवीची चेन उघडली, तेव्हा तर अगदी वाटलं. शनिवारी गाडीत बसेपर्यंत वाट बघितली मी."

फोन माझ्या कानाला चिकटून राहिला होता. ज्यासाठी फोन केला तो एक शब्द मला उच्चारता येईना. पलीकडून बहुतेक तिला ते कळलं असावं, कारण तिनंच विषय बदलला.

"आणि सर, मूस कशी आहे? चालते का अजून?"

"चालते की," मी म्हणालो. "आजवर एक फाईल तोडली नाही तिनं."

"वाटलंच मला," कस्तुरी म्हणाली, आणि मग तिनं घरच्या सगळ्यांची चौकशी केली.